यंत्रांतील केवडा

जालना जिल्ह्यांत भेंडीचें पीक घेणारास केवडा म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. पानांच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, मग सबंध पान पिवळें होतें, आणि फळ निबर व फिकट निघतें. मुंबई इलाख्यांतून या रोगाची नोंद १९२४ सालींच झालेली होती. त्याच्या मुळाशीं एक विषाणु आहे. परंतु हा विषाणु स्वतः चालत नाहीं कीं उडत नाहीं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्याला नेऊन पोंचविते ती पांढरी माशी. माशीला रोगाशीं कांहीं कर्तव्य नसतें. ती रस शोषावयास येते, आणि जातांना सोंडेबरोबर दुसऱ्याचें ओझें घेऊन जाते.

दिल्लीच्या भारतीय कृषि-संशोधन संस्थेनें या केवड्यास दाद न देणारी 'पुसा सावनी' नांवाची भेंडी १९५० नंतरच्या दशकांत तयार केली. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनीं तिचें बीं आणून वाढविलें, आणि त्या उद्योगांतून पुढें १९६४ सालीं 'महाराष्ट्र हायब्रिड सीड्स', म्हणजेच महिको, ही कंपनी उभी राहिली. बियाण्यांचें गांव म्हणून जालन्याचा जो लौकिक आहे त्याच्या आरंभींच अशी एका विषाणूशीं झालेली झटापट आहे. कांहीं वर्षांनीं पुसा सावनीची प्रतिकारशक्ति ओसरली, आणि संशोधकांना पुन्हां नव्या जातींच्या मागें लागावें लागलें.

हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, संगणकाच्या जगांत 'व्हायरस' हा शब्द आला तो याच विषाणूवरून, आणि तो केवळ अलंकार म्हणून आलेला नाहीं. संगणक ज्या आज्ञांच्या यादीप्रमाणें काम करतो तिला प्रोग्रॅम म्हणतात. व्हायरस हाहि असाच एक लहानसा प्रोग्रॅम. पण त्यांतील एक आज्ञा अशी असते कीं, दुसरा प्रोग्रॅम शोधावा आणि आपली नक्कल त्याच्या अंगांत शिरवावी. आश्रय देणारा प्रोग्रॅम चालू झाला म्हणजेच हा पाहुणा जागा होतो. आणि एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत जावयाचें तर त्यालाहि कोणी तरी पांढरी माशी लागतेच. ही माशी दर काळांत निराळी होती, आणि ती पालटली तसा रोगाचा प्रकारहि पालटत गेला.

नांव पडण्यापूर्वींच जीव जन्माला आला होता. १९८२ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलानें मित्रांच्या फ्लॉप्यांवर 'एल्क क्लोनर' नांवाचें एक प्रकरण सोडून दिलें. फ्लॉपी पन्नासाव्या खेपेस लावली कीं पडद्यावर एक कविता उमटे. याहून अधिक उपद्रव त्याच्या मनांत नव्हता. बारसें झालें तें पुढल्या वर्षीं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानें १९८३ च्या नोव्हेंबरांत असाच एक प्रोग्रॅम तयार करून विद्यापीठाच्या यंत्रावर त्याचे पांच प्रयोग केले. पांचहि खेपांस तासाभराच्या आंत सबंध यंत्राचा ताबा त्याला मिळाला. त्याचे अध्यापक लिओनार्ड ॲडलमन यांनीं या प्रकारास व्हायरस हें नांव सुचविलें, आणि यंत्राच्या व्यवस्थापकांनीं पुढील प्रयोगांस बंदी केली. कोहेननें नंतर गणितानें असेंहि सिद्ध केलें कीं, समोर आलेला कोणताहि प्रोग्रॅम व्हायरस आहे किंवा नाहीं याचा प्रत्येक वेळीं अचूक निर्णय देईल असा परीक्षक-प्रोग्रॅम लिहिणें शक्यच नाहीं. हा सिद्धान्त बाजारांत फारसा पोंचला नाहीं. पोंचला असता तर 'संपूर्ण संरक्षण' असें छापलेल्या खोक्यांचा खप थोडा कमी झाला असता.

विद्यापीठाबाहेर, सामान्य माणसाच्या टेबलावरील संगणकांत जो पहिला व्हायरस जगभर पसरला तो मात्र अमेरिकेंतला नव्हे, तो लाहोरचा. तेथील बासित व अमजद फारूक अल्वी या दोघां भावांचें संगणकांचें दुकान होतें. आपण लिहिलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या चोरट्या नकला होतात म्हणून त्यांनीं १९८६ सालीं 'ब्रेन' हा व्हायरस रचला, आणि त्यांत आपलें नांव, दुकानाचा पत्ता व टेलिफोनचे नंबरहि घातले. चोरानें आपला पत्ता मागें ठेवून जावें असा तो निष्पाप काळ! फ्लॉपीच्या अगदीं पहिल्या कप्प्यांत यंत्र सुरू करण्याच्या आज्ञा असतात. ब्रेन त्या कप्प्यांत ठाण मांडून बसे, आणि मूळच्या आज्ञा दुसरीकडे हलवी. फ्लॉपी आंत ठेवून यंत्र सुरू केलें कीं सर्वांच्या आधीं तो जागा होई.

याच घराण्यांतला एक व्हायरस १९९० च्या जून महिन्यांत हिंदुस्थानांत सांपडला. त्याचें नांव 'जोशी'. कोणी लिहिला हें कधीं उघडकीस आलें नाहीं. जोशी महाराष्ट्रांत आहेत तसे गुजरातेंत आहेत आणि कुमाऊंच्या डोंगरांतहि आहेत, तेव्हां या कर्तृत्वाचा मान कोणा एका प्रांतानें घेण्याचें कारण नाहीं. वर्षभर हा व्हायरस मुकाट असे. ५ जानेवारी उजाडली कीं यंत्र अडून बसे, आणि 'हॅपी बर्थडे जोशी' हीं अक्षरें टंकित करावींत अशी मागणी पडद्यावर येई. तेवढें लिहून दिलें कीं यंत्र पुन्हां कामास लागे. जोशी म्हटलें कीं मराठी घराला पंचांग आठवतें. या जोशाला वर्षांतला एकच दिवस ठाऊक होता, आणि तोहि इंग्रजी. प्रकार विनोदी खरा. परंतु तीन कळा एकदम दाबून यंत्र नव्यानें सुरू केलें तरी हा व्हायरस स्मृतींतून हालत नसे, आणि ज्या कचेरींत संगणक समजणारा एकच मनुष्य असे तेथें तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता.

त्या काळीं महाराष्ट्रांत संगणक समजणारी माणसें कशीं तयार होत होतीं याचा दाखला पुण्यांत मिळतो. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरकडचे कैलास काटकर हे मॅट्रिकनंतर शाळा सोडून पुण्यांत गणनयंत्रें दुरुस्त करूं लागले. पुढें ते संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले आणि १९९३ सालीं त्यांनीं 'कॅट कॉम्प्यूटर सर्व्हिसेस' हें दुकान काढलें. धाकटे बंधु संजय हे मॉडर्न कॉलेजांत संगणकशास्त्र शिकत होते. दुकानांत येणाऱ्या यंत्रांपैकीं पुष्कळांचा आजार तारेचा वा सुट्या भागांचा नसे. तो फ्लॉपींतून आलेला असे, आणि एकदां नीट करून दिलेलें यंत्र त्याच आजारानें पुन्हां दारांत येई. संजय यांनीं एकेक व्हायरस उलगडून पाहून त्याचा उतारा लिहिण्यास आरंभ केला, आणि त्यांतून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारांत आलें. २००७ सालीं कंपनीनेंहि तेंच नांव घेतलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तिचे समभाग शेअरबाजारांत आले.

हे उतारे काम कसें करीत तें समजून घेण्यासारखें आहे. प्रत्येक व्हायरसच्या अंगावर आज्ञांचा एखादा तुकडा असा असतो कीं जो दुसरीकडे सहसा आढळत नाहीं. ओळखपरेडींत गालावरच्या तिळावरून मनुष्य ओळखावा तशी ही खूण. अशा खुणांची यादी करावयाची, यंत्रांतील प्रत्येक प्रोग्रॅम त्या यादीशीं ताडून पाहावयाचा, आणि खूण जुळली कीं पाहुणा काढून टाकून मूळ आज्ञा जागेवर आणावयाच्या. उघडच आहे कीं यादींत नसलेला चोर यांतून सुटतो. १९९० पासून तर प्रत्येक नकलेबरोबर आपलें रूप पालटणारे व्हायरस लिहिले जाऊं लागले, तेव्हां तीळ पुसून फिरणाऱ्यांस ओळखण्याकरितां चेहऱ्याऐवजीं वागणुकीकडे पाहणें भाग पडलें. यादी तर आजतागायत वाढतेच आहे. पुसा सावनीनंतर भेंडीच्या जातींची यादी वाढली, तसाच हा प्रकार.

व्हायरसशेजारीं दुसरीं दोन नांवें नेहमीं ऐकूं येतात आणि त्यांची पुष्कळदां गल्लत होते. पहिलें नांव वर्म, म्हणजे किडा. याला आश्रयाला दुसरा प्रोग्रॅम लागत नाहीं आणि माणसाच्या हाताचीहि गरज नसते. यंत्रें एकमेकांस तारांनीं जोडलेलीं असलीं कीं तो आपण होऊन वाट काढतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेला किडा सुमारें सहा हजार यंत्रांत शिरल्याचा अंदाज त्या वेळीं करण्यांत आला. जोडलेलीं यंत्रेंच तेव्हां साठ हजारांच्या घरांत होतीं. मॉरिसवर खटला होऊन त्याला शिक्षा झाली.

दुसरें नांव ट्रोजन. ग्रीकांच्या लांकडी घोड्यावरून तें पडलें. पण मराठी माणसाला त्यासाठीं ट्रॉयपर्यंत जाण्याची आवश्यकता नाहीं. १६६३ सालीं लाल महालावर छापा घालण्यापूर्वीं शिवाजी महाराजांचे लोक लग्नाच्या वरातींतून पुण्यांत शिरले, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. हेतूंत साम्य मुळींच नाहीं. रीत तेवढी तीच. पहारेकऱ्यानेंच दार उघडावें असें सोंग घेऊन आंत यावयाचें. १९८९ सालीं एड्स रोगाची माहिती देणारी म्हणून सुमारें वीस हजार लोकांस एक फ्लॉपी टपालानें आली. ती वापरली कीं कांहीं दिवसांनीं यंत्रांतील फायलींचीं नांवें दुर्बोध होऊन जात, आणि पनामांतील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवावे अशी मागणी येई. खंडणी मागणारा हा पहिला प्रसिद्ध प्रोग्रॅम. तेव्हां त्यांतून फारसा पैका जमला नाहीं, कारण टपालपेटीपर्यंत पोलिस पोंचूं शकत होते. पुढें पैसे घेणाराचा माग न लागूं देणारें चलन निघालें आणि हा धंदा बरकतीस आला.

फ्लॉपी गेली आणि तिची जागा पत्रानें घेतली. ४ मे २००० रोजीं मनिलाहून निघालेलें, प्रेमपत्र म्हणून आलेलें विद्युत्पत्र उघडणारांनीं तें नकळत आपल्या ओळखीच्या सर्वांस रवाना केलें. ज्यानें तें लिहिलें त्याला शिक्षा होऊं शकली नाहीं, कारण फिलिपाइन्समध्यें तसा कायदाच नव्हता. हिंदुस्थानांतहि तोंवर नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीं १७ ऑक्टोबर रोजीं अंमलांत आला. त्याच्या ४३ व्या कलमांत संगणकीय व्हायरसाबरोबर 'संगणकीय दूषक' असाहि एक वर्ग केला आहे. पुढें येणाऱ्या प्रकारांचीं नांवें कोणास ठाऊक नव्हतीं. तेव्हां पाणी दूषित करणाऱ्या वस्तूंप्रमाणें एकच मोठें जाळें टाकून ठेवलें, हें त्या मसुदेकारांनीं शहाणपणाचेंच केलें.

येथपर्यंतच्या हकीकतींत एक समजूत सर्वत्र गृहीत धरलेली आहे: अनोळखी फ्लॉपी लावूं नये, अनोळखी पत्र उघडूं नये, आणि निर्मात्यानें पाठविलेली सुधारणा मात्र वेळच्या वेळीं बसवून घ्यावी. २०१७ च्या जूनमध्यें या समजुतीलाच तडा गेला, आणि त्याचा आवाज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ऐकूं आला.

युक्रेनमधील व्यापारी पेढ्या कर भरण्याकरितां 'एम. ई. डॉक' नांवाचा हिशेबाचा प्रोग्रॅम वापरीत. त्या प्रोग्रॅमच्या निर्मात्यांचीच यंत्रें शत्रूनें आधीं हस्तगत केलीं, आणि २७ जून रोजीं नेहमींच्या सुधारणेच्या वाटेनें 'नॉटपेट्या' हा किडा गिऱ्हाइकांच्या घरीं उतरला. या खेपेस औषधाची बाटलीच माशी झाली. विंडोजमधील ज्या छिद्रांतून तो पुढें सरके तें बुजविणारी चिकटपट्टी मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिलेली होती. परंतु हा किडा एका यंत्राच्या स्मृतींतून परवलीचे शब्द चोरी आणि त्यांच्या आधारें चिकटपट्टी लावलेल्या यंत्रांतहि शिरे. पडद्यावर तीनशें डॉलरांच्या खंडणीची मागणी येई, तीहि नुसती बतावणी होती. पैसे भरले तरी माहिती परत देण्याची सोयच त्यांत ठेवलेली नव्हती. तो लुटारू नव्हता, जाळपोळ करणारा होता. हें कृत्य रशियाच्या लष्करी हेरखात्याचें असें अमेरिका व ब्रिटन यांनीं २०१८ सालीं जाहीर केलें, आणि २०२० सालीं अमेरिकेनें त्या खात्यांतील सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलें. रशियानें तें नाकारलें.

डेन्मार्कची मर्स्क ही जहाजकंपनी या भांडणांत कोणाच्याच बाजूची नव्हती. तिच्या ओडेसा येथील कचेरींत तो हिशेबाचा प्रोग्रॅम एका यंत्रावर बसविलेला होता, एवढाच तिचा संबंध. तेवढ्या वाटेनें किडा तिच्या जगभरच्या कचेऱ्यांत पोंचला, आणि तिच्या ७६ बंदर-टर्मिनलांपैकीं १७ ठिकाणचें काम कोलमडलें. त्यांत न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील 'गेटवे टर्मिनल' होतें. क्रेनी जागच्या जागीं होत्या, जहाजें आलेलीं होतीं, कामगार हजर होते. परंतु कोणता डबा कोणाचा, कोठें ठेवलेला, आणि कोणत्या ट्रकावर चढवावयाचा, हें सांगणारें यंत्र मुकें झालें. दारापाशीं ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि कामगारांस हातानें नोंदी करून काम रेटावें लागलें.

जालना या बंदरापासून चारशें किलोमीटरांच्या घरांत आहे. तरी तें तेथून दूर नाहीं. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळया ओततात, येथून बियाणें व कापूस बाहेर जातो, आणि परदेशाशीं होणाऱ्या देवघेवीची स्वाभाविक वाट न्हावा-शेव्याकडेच आहे. म्हणूनच त्या बंदराच्या विश्वस्त मंडळानें जालन्यानजीक कोरड्या बंदराची योजना आंखली. २०१५ च्या डिसेंबरांत त्याची पायाभरणी झाली. कल्पना अशी कीं, कस्टमची तपासणी जालन्यासच व्हावी, डबा तेथेंच मोहोरबंद व्हावा, आणि रेल्वेनें थेट जहाजापाशीं जावा. २०१७ सालीं तें चालू झालेलें नव्हतें. झालें असतें तर गेटवे टर्मिनलाकडे निघालेला डबा मोहोर न फुटतां, सर्व कागद बिनचूक असतां, वाटेंत अडकून पडला असता, आणि त्याचें कारण शोधूं जाणारास युक्रेनमधील कर भरण्याच्या पद्धतीपर्यंत जावें लागलें असतें. समुद्र दारांत आणणें म्हणजे समुद्रावरचे वारेहि दारांत आणणें, हें त्या पायाभरणीच्या भाषणांत कोणी बोललें असेल असें वाटत नाहीं.

मर्स्कचें पुनरुज्जीवन झालें तें एका योगायोगानें. यंत्रांचा परस्परसंबंध सांभाळणारी जी मूळ नोंद असते तिच्या ठिकठिकाणीं ठेवलेल्या सर्व प्रती नष्ट झाल्या होत्या. एकच उरली, ती घाना देशांत, कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेलेली होती. ती चकती तारेनें पाठविण्यास फार दिवस लागले असते, म्हणून ती घेऊन एक मनुष्य घानाहून नायजेरियास आला, आणि तेथून दुसऱ्यानें ती विमानानें इंग्लंडला पोंचविली. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्यानें बसविण्यांत आले. कंपनीचें नुकसान पंचवीस ते तीस कोटि डॉलरांचें झालें.

पुढल्याच वर्षीं पुण्यास जें घडलें तें याच्या अगदीं उलट प्रकारचें होतें. तेथें कांहींच बंद पडलें नाहीं. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रांत चोरांनीं एक उपद्रवी प्रोग्रॅम पेरून ठेवला होता. ए.टी.एम.मध्यें कार्ड घातलें कीं खात्यांत पैसे आहेत का, ही विचारणा बँकेच्या मुख्य यंत्राकडे जाते. ती या प्रोग्रॅमनें मध्येंच अडविली आणि बँकेच्या वतीनें प्रत्येक वेळीं 'द्या' असें उत्तर दिलें. ११ ऑगस्ट २०१८ या एका शनिवारीं कांहीं तासांत २८ देशांतील ए.टी.एम.मधून बनावट कार्डांनीं सुमारें ७८ कोटि रुपये निघाले. देशांतल्या देशांत कोल्हापूरसारख्या शहरांतून अडीच कोटि. १३ तारखेस सुमारें १४ कोटि हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविण्यांत आले. एकंदर ९४ कोटींवर रक्कम गेली. पुण्याच्या न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें अकरा जणांस दोषी ठरविलें, परंतु त्यांत मुख्यतः कार्डें घेऊन यंत्रांपुढें उभे राहणारे होते. प्रोग्रॅम लिहिणारा हात पडद्याआडच राहिला.

जोशी व्हायरस आपला वाढदिवस ओरडून सांगे. कॉसमॉसमधील प्रोग्रॅमची सारी करामत कोणाच्या लक्षांत न येण्यांत होती. आतां हाच मौनी प्रकार घरोघरच्या टेलिफोनांत उतरला आहे. २०२४ च्या लग्नसराईंत निरनिराळ्या राज्यांतील पोलिसांनीं लोकांस सावध केलें तें एका लग्नपत्रिकेविषयीं. व्हॉट्सॲपवर ती येते. नांवापुढें 'एपीके' हीं अक्षरें असतात, म्हणजे तें चित्र नसून टेलिफोनावर बसणारा प्रोग्रॅम असतो. त्याच सोंगांत कधीं वाहनाच्या दंडाची पावती येते, कधीं शेतकऱ्यांच्या 'पी.एम. किसान' अनुदानाचा अर्ज येतो. तो बसतांना संदेश वाचण्याची परवानगी मागतो, आणि घाईंत ती दिली जाते. त्यानंतर बँकेकडून येणारा एकवेळचा परवलीचा आंकडा मालकाच्या आधीं दुसराच कोणी वाचतो. मग त्याच टेलिफोनावरून ती पत्रिका त्यांतील सर्व नंबरांना, नातेवाइकांच्या व गांवच्या गटांना, पुढें जाते. आणि तेथें ती उघडणारास ती कोणा परक्याकडून नव्हे, ओळखीच्या माणसाकडूनच आलेली दिसते.